माशाच्या पेशीत जिवाणू शिरतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी माशांच्या रोगांची एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे मी काम करते. जिताड्याची आणि कोळंबीची तळी असलेले लोक, मत्स्यविज्ञान शिकणारी मुलं आणि नुसते मासे खाणारे, अशा तिघांचेही फोन येतात. तेच तेच प्रश्न फिरून यायला लागले म्हणून हे लिहून काढलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही सारखं 'जनुकीय' म्हणता. म्हणजे रोग माशाला आईबापाकडून येतो का?

नाही. 'आनुवंशिक' आणि 'जनुकीय' हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यातून हा घोटाळा होतो. इथे ज्या जनुकांबद्दल बोलतोय ती माशाची नाहीत, जिवाणूची आहेत. जिवाणूच्या डीएनएत कुठलं प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. त्यातली काही प्रथिनं माशाच्या पेशीला चिकटायला लागतात, काही आत घुसायला आणि काही आत गेल्यावर जिवंत राहायला. एडवर्डसिएला पिसिसिडा या जिवाणूत साधारण साडेतीन हजार जनुकं आहेत. माशाला मारण्याच्या कामी येणारी त्यातली अगदी थोडी. बाकीची त्याच्या रोजच्या पोटापाण्याची.

सामन माशांत एक जिवाणू थेट अंड्याच्या आत बसून पुढच्या पिढीत जातो. तोही संसर्गच, वारसा नव्हे. आणि सामन आपल्या खाडीत येत नाही.

२. पण पेशीत शिरायची गरजच काय? मासा बाहेरून खाता येत नाही का?

येतो की. बरेच जिवाणू तेच करतात. एरोमोनास हायड्रोफिला घ्या, गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा आणणारा. तो मुख्यतः बाहेरच राहतो आणि एरोलायसिन नावाचं विष सोडतो. या विषाचे सात रेणू पेशीच्या पटलावर गोल करून बसतात आणि मधोमध भोक पाडतात. पेशी गळून जाते, तो बाहेर बसून जेवतो.

आत शिरणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. माशाच्या रक्तात जिवाणू मारणारी प्रथिनं फिरत असतात, प्रतिपिंडं असतात, बुळबुळीत थरात लायसोझाइम असतं. पेशीच्या आत यातलं काही पोचत नाही. अन्न तयार असतं आणि पेशी फिरती असेल तर फुकटात अंगभर प्रवासही होतो.

३. माशाच्या अंगात शिरणं आणि पेशीत शिरणं एकच ना?

दोन वेगळे टप्पे आहेत आणि यात गल्लत झाली की पुढचं काहीच उलगडत नाही. अंगात शिरायला तीन मोठ्या वाटा: कल्ले, आतडं आणि फाटलेली कातडी. जाळ्याने खवले निघाले, प्रतवारी करताना मासा हातातून निसटून बांधावर आपटला, अंगावर माशाच्या उवा बसल्या की कातडीची वाट उघडते. कल्ल्याला तर आवरण म्हणून पेशींचा अगदी पातळ थर असतो, तो जाड असता तर मासा श्वासच घेऊ शकला नसता.

हे कसं कळलं त्याची गोष्ट छान आहे. जेलीफिशच्या, म्हणजे आपल्या झारीच्या, एका जातीत हिरवं चमकणारं प्रथिन असतं. २००० साली सिंगापूरच्या संशोधकांनी त्याचं जनुक एडवर्डसिएलात घातलं आणि तो जिवाणू ब्लू गुरामी या माशांना दिला. मग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके कुठे कुठे दिसतात ते पाहत गेले. कल्ले, आतडं, कातडी, तिन्हीकडे सापडले. ज्या झारीला जाळ्यात बघून आपण शिव्या घालतो, तिच्या या प्रथिनावर २००८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अंगात शिरल्यावर मग पेशीचा प्रश्न येतो. तो पुढच्या दोन-तीन उत्तरांत आहे.

४. पेशीला दार नसतं. मग तो आत जातो कुठून?

पेशी स्वतःच त्याला आत घेते. जिवाणू तिला तसं करायला लावतो. याच्या दोन रीती माहीत आहेत.

पहिली चेनवाल्या पिशवीसारखी. जिवाणूच्या अंगावरचं प्रथिन पेशीच्या अंगावरच्या ठरावीक प्रथिनाला पकडतं, मग शेजारचं पकडतं, मग त्याच्या शेजारचं. पेशीचं पटल जिवाणूभोवती घट्ट चढत जातं आणि शेवटी तो आत. यासाठी किती जनुकं लागत असतील? १९८५ साली इसबर्ग आणि फॉल्कोव्ह या दोघांनी यर्सिनिया जिवाणूतलं 'इन्व्ह' नावाचं एकच जनुक काढून प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातलं. एरवी पेशीच्या वाटेला न जाणारा तो गरीब ई. कोलाय सस्तन प्राण्यांच्या पेशींत शिरू लागला. एका जनुकाने!

दुसरी रीत दांडगाईची. जिवाणू पेशीत आधी आपली प्रथिनं सोडतो, पेशीचा आतला सांगाडा त्यामुळे हलतो, पटलाला लाटांसारख्या घड्या पडतात आणि त्या घडीत जिवाणू गिळला जातो. साल्मोनेला असं करतो.

माशांच्या पेशींत एडवर्डसिएला शिरताना हा सांगाडाच कामी येतो, हे एका साध्या युक्तीने दाखवता येतं. सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांची बांधणी थांबवणारं औषध पेशींना आधी दिलं की आत शिरणाऱ्या जिवाणूंची संख्या कोसळते. म्हणजे ताकद पेशीची, डोकं जिवाणूचं.

५. आमच्या सरांनी 'टाइप थ्री' म्हणून सांगितलं. ती खरंच सुई असते?

दिसते तशीच. टाइप थ्री म्हणजे पेशीत प्रथिनं टोचायचं जिवाणूचं यंत्र. जिवाणूच्या दोन्ही पटलांतून आरपार गेलेला एक पाया, त्यावर बाहेर आलेली पोकळ नळी. नळीची लांबी मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी. टोक पेशीला टेकलं की जिवाणूच्या पोटातली प्रथिनं नळीतून थेट पेशीत. अशी सुई बांधायला वीसेक प्रकारची प्रथिनं लागतात आणि त्यांची जनुकं डीएनएवर बहुतेक एका गठ्ठ्यात शेजारी शेजारी बसलेली असतात. अशा गठ्ठ्याला 'पॅथोजेनिसिटी आयलंड' म्हणतात. मुलं वहीत 'रोगकारक बेट' असं लिहितात, मला ते आवडतं.

ही सुई आणि जिवाणूची पोहण्याची शेपटी, दोघींची घडण एकाच घराण्यातली आहे.

एडवर्डसिएलाकडे आणखी एक हत्यार आहे, टाइप सिक्स. ते सुईपेक्षा भाल्यासारखं चालतं, आतून झटक्यात बाहेर फेकलं जातं. या दोन्हीपैकी एखादं हत्यार जरी त्याचं जनुक कापून निकामी केलं तरी माशाला मारायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जिवाणू लागतात.

६. भक्षक पेशीच जिवाणू गिळते ना? मग तो 'शिरला' कसं म्हणायचं?

बरोबर पकडलंत. मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी, तिचं कामच गिळणं. तिच्यात जायला जिवाणूला काहीच खटपट नको. तिथे त्याच्या जनुकांची खरी परीक्षा आत गेल्यावर सुरू होते.

गिळलेला जिवाणू एका फुग्यात अडकतो. पेशी त्या फुग्यावर ऑक्सिजनची जहाल रूपं सोडते, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे. नंतर त्यात आम्ल आणि पाचकरस येतात. साधा जिवाणू इथे संपतो. एडवर्डसिएलाचे रोगकारक वाण मात्र पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज बनवतात, सुईतून प्रथिनं सोडून तो जहाल मारा मंदावतात आणि त्या फुग्यातच वाढत राहतात. रोग न करणारे वाण त्याच पेशीत मरतात. पेशी तीच, जिवाणूचं नावही तेच, जनुकं वेगळी.

मायकोबॅक्टेरियम मरिनम हा आपल्या क्षयाच्या जिवाणूचा जवळचा भाऊबंद. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या समुद्री माशांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. तो 'ईएसएक्स-१' या यंत्रणेच्या जोरावर फुगाच फोडतो आणि पेशीच्या मोकळ्या आवारात येतो. झेब्राफिशची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे हे सगळं जिवंत माशात बघता येतं. क्षयाबद्दलच्या कितीतरी गोष्टी या बोटभरही नसलेल्या माशाने शिकवल्यात.

७. जिवाणू माशाची जनुकं बदलून टाकतो का? तसा मासा खाल्ला तर?

नाही बदलत. वनस्पतींत ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आपला डीएनए झाडाच्या डीएनएत खरोखर घुसवतो, तिथून ही भीती आली असावी. माशांना रोग करणारे इथे सांगितलेले जिवाणू प्रथिनं घुसवतात, जनुकं नाहीत. खाण्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

८. जिवाणू तळ्यात कायम असतो म्हणता. मग चार वर्षं काही झालं नाही आणि यंदाच मासे कसे मेले?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा. त्याच्यामागे बहुतेकदा "बाजूच्याने काहीतरी सोडलं" असा संशय असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुई बांधणं जिवाणूला महाग पडतं. वीस प्रकारची प्रथिनं, वर त्यांना लागणारी ऊर्जा. मोकळ्या पाण्यात तिचा काही उपयोग नाही, म्हणून ही जनुकं तिथे बंद असतात. ती कधी चालू करायची ते ठरवायला जिवाणूकडे पहारेकरी प्रथिनं आहेत. एडवर्डसिएलातला एक पहारेकरी म्हणजे फोक्यू. तो जिवाणूच्या पटलात बसलेला असतो आणि तापमानाप्रमाणे त्याचा आकार बदलतो. २३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो निरोप पुढे पाठवतो, तो निरोप एस्रबी नावाच्या प्रथिनापर्यंत पोचतो आणि सुईची व भाल्याची जनुकं चालू होतात. २० अंशांच्या खाली किंवा ३७ च्या वर निरोप थांबतो. हाच फोक्यू मॅग्नेशियमही मोजतो. मॅग्नेशियम कमी म्हणजे आपण बहुधा पेशीतल्या फुग्यात आहोत, असा त्याचा हिशेब.

आता आपल्या तळ्याचं तापमान आठवा. कोकणात ते बहुतेक काळ याच पट्ट्यात असतं. म्हणजे निव्वळ तापमानाने यंदाचा घोटाळा उलगडत नाही. दुसरी बाजू माशाची. दाटी झाली, पहाटे ऑक्सिजन उतरला, एरेटर बंद पडला, तळाशी उरलेलं खाद्य कुजलं, की माशाच्या अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि प्रतिकार ढिला पडतो. ज्या भक्षक पेशी एरवी निभावून नेत होत्या त्या कमी पडतात. जिवाणू चार वर्षं तोच असेल, मासे यंदा थकलेले होते.

म्हणून फोनवर मी पहिल्यांदा औषधाचं नाव सांगत नाही. पहाटे पाच वाजता ऑक्सिजन किती होता ते विचारते. बऱ्याच जणांना राग येतो.

९. आमच्याकडे सगळी जांभ्याची लाल माती. जिवाणूला लोखंड लागतं असं वाचलं. मग आमचं तळं जास्त धोक्याचं का?

तसं सरळ गणित मांडता येत नाही. जांभ्यातलं लोह गंजाच्या रूपात असतं आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. पण प्रश्नातला दुसरा भाग, जिवाणूला लोह लागतं, तो खरा आहे आणि फार मजेदार आहे.

माशाच्या अंगात लोह भरपूर, पण मोकळं जवळजवळ शून्य. रक्तातलं ट्रान्सफेरिन ते धरून ठेवतं. आत आलेल्या जिवाणूची उपासमार व्हावी म्हणूनच ही व्यवस्था आहे. व्हिब्रिओ अँग्विलारम हा समुद्री माशांना मारणारा जिवाणू त्यावर तोडगा घेऊन येतो. त्याच्या काही वाणांत 'पीजेएम-१' नावाचं, डीएनएच्या सुमारे ६५ हजार अक्षरांचं प्लाझ्मिड असतं. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं असलेलं छोटं गोल कडं. त्यावर अँग्विबॅक्टिन बनवण्याची जनुकं असतात. हा रेणू बाहेर जातो, ट्रान्सफेरिनच्या हातातलं लोह हिसकावतो आणि परत येतो. प्लाझ्मिड गेलं की त्या वाणाची मासे मारायची ताकदही जाते, हे १९८० च्या सुमारास दाखवलं गेलं.

शिवाय लोहाची टंचाई हीच जिवाणूसाठी खूण ठरते: टंचाई आहे, त्या अर्थी आपण माशाच्या आत पोचलो. फर नावाचं प्रथिन लोह भरपूर असताना हत्यारांची जनुकं दाबून धरतं, लोह संपलं की सोडतं. म्हणजे तुमच्या मातीतल्या लोखंडापेक्षा माशाच्या रक्तात ते किती जपून ठेवलंय, यावर जास्त अवलंबून.

१०. पावसाळ्यात रोग बदलतो असं जुने लोक म्हणतात. खरं का?

खरं. व्हिब्रिओंना मीठ लागतं. जून-जुलैत खाडीचं पाणी पार गोडं होतं, तेव्हा ते मागे पडतात आणि एरोमोनाससारखे गोड्या पाण्यातले पुढे येतात. दसऱ्यानंतर खारेपणा चढू लागला की उलट. जिताडा दोन्ही पाण्यांत राहतो, त्यामुळे दोन्ही टोळ्या त्याच्या वाट्याला. क्षारता एकाएकी बदलली तर त्याचा ताण माशावर येतो तो वेगळाच, प्रश्न ८ पाहा.

११. साधा जिवाणू एका रात्रीत रोगकारक होऊ शकतो का?

प्लाझ्मिड मिळालं तर हो. जिवाणू एकमेकांना प्लाझ्मिड देतात आणि जात वेगळी असली तरी देतात. जिवाणूंना लागण करणारे विषाणू, म्हणजे फाज, तेही जनुकं इकडून तिकडे नेतात. वर सांगितलेली रोगकारक बेटं मुळात अशीच कुठून तरी आलेली असतात.

उलटही होतं. थंड पाण्यातल्या सामन-ट्राउटांना मारणाऱ्या एरोमोनास साल्मोनिसिडाची सुई त्याच्या प्लाझ्मिडवर असते. प्रयोगशाळेत तो २५ अंशांच्या वर वाढवला की प्लाझ्मिडमधला तो तुकडाच गळून पडतो आणि जिवाणू निरुपद्रवी होतो.

यात तुमच्या कामाचा मुद्दा एकच. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही याच वाटेने फिरतात. तळ्यात थोडंथोडं औषध ओतत राहणं म्हणजे ती जनुकं बाळगणाऱ्यांना पोसणं.

१२. टीसीबीएस प्लेटवर हिरव्या वसाहती आल्या. कोळंबी काढून टाकू का?

थांबा. या एका रंगापायी लोकांनी अर्धी वाढलेली कोळंबी पडेल भावात विकलेली मी पाहिली आहे.

टीसीबीएस म्हणजे व्हिब्रिओ वाढवून बघायचं माध्यम. त्यावरचा रंग एवढंच सांगतो की जिवाणू सुक्रोज, म्हणजे साधी साखर, खातो की नाही. खाल्ली तर आम्ल होतं, प्लेट पिवळी पडते. नाही खाल्ली तर वसाहत हिरवी राहते. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस साखर खात नाही म्हणून हिरवा, अल्जिनोलायटिकस खातो म्हणून पिवळा. हार्वेयीचे काही वाण असे, काही तसे. 'हिरवा वाईट, पिवळा चांगला' हे यातून निघत नाही.

कोळंबीचं हेपॅटोपॅन्क्रियास, म्हणजे तिची पचनग्रंथी, वितळवणारा, ज्याला पूर्वी लोक ईएमएस म्हणत, तो रोग पाहा. त्याचं कारण २०१३ साली कळलं: व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकसचे काही ठरावीक वाण. सगळे नव्हेत. ज्यांच्याकडे सुमारे ७० हजार अक्षरांचं एक प्लाझ्मिड आहे आणि त्यावर पिरए आणि पिरबी ही विषाची दोन जनुकं आहेत, तेच. प्लाझ्मिड नसलेला हिरवा हा रोग करत नाही. तेच प्लाझ्मिड मिळालेले दुसऱ्या जातीचे व्हिब्रिओ तो करतात. म्हणजे जात विचारून भागत नाही, जनुक विचारावं लागतं. त्यासाठी पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून ते आहे का ते शोधणारी चाचणी.

आणि या पानाच्या विषयाला हा अपवाद आहे, तोही दुहेरी. एक तर कोळंबी मासा नव्हे. दुसरं, हा जिवाणू पेशीत शिरतच नाही. तो कोळंबीच्या जठरात बसतो आणि विष पाठवून देतो.

१३. जिवाणू पेशीच्या आत आहे की नुसता चिकटलाय, हे तुम्हाला कळतं कसं?

विद्यार्थ्यांचा लाडका प्रश्न. उत्तर जेन्टामायसिनमध्ये आहे.

आधी माशाच्या पेशी लागतात. माशांच्या कायम वाढत राहणाऱ्या पेशींची पहिली वाण १९६२ साली रेनबो ट्राउटपासून मिळाली. आज भारतातही जिताड्यासकट बऱ्याच माशांच्या पेशी आहेत आणि लखनौला त्यांचा राष्ट्रीय साठा आहे. माशाच्या पेशी लाडावलेल्या नसतात. २८ अंश आणि एल-१५ नावाचं माध्यम मिळालं की कार्बन डायऑक्साइडच्या महागड्या कपाटाशिवायही वाढतात.

चोवीस खड्ड्यांची एक प्लास्टिकची थाळी असते, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठे खड्डे. प्रत्येकाच्या तळाशी पेशींची फरशी घातल्यासारखा एकेरी थर. त्यावर मोजून जिवाणू टाकायचे, तासभर ठेवायचं, मग हलक्या हाताने धुवायचं. जोरात पिपेट मारली की फरशी उखडते आणि दिवस वाया जातो, हे प्रत्येक जण एकदा तरी करतो. मग जेन्टामायसिन घालायचं. हे औषध जिवंत पेशीच्या आत सहजी जात नाही. त्यामुळे बाहेरचे, चिकटलेले, सगळे मरतात, आतले वाचतात. पुन्हा धुवायचं, साबणासारखं ट्रायटन घालून पेशी फोडायच्या आणि ते पाणी आगर प्लेटवर पसरायचं. दुसऱ्या दिवशी जितक्या वसाहती, तितके आत होते.

समजा मूळ वाणाच्या दोन हजार वसाहती आल्या आणि एक जनुक कापलेल्या वाणाच्या वीस. तर त्या जनुकाचा शिरण्याशी संबंध असावा. पण एवढ्यावर थांबायचं नाही. तेच जनुक परत घालून आकडा पुन्हा दोन हजारांकडे जातो का ते बघायचं. ही अट स्टॅन्ली फॉल्कोव्ह यांनी १९८८ साली घालून दिली, प्रश्न ४ मधलेच ते. परत घालायचं हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रबंधाच्या शेवटच्या सहा महिन्यांत सगळ्यांना ते टाळावंसं वाटतं.

मुळात प्रयोग करताना मूळ वाण जेन्टामायसिनने मरतो ना, हे आधी तपासा. तो औषधाला दाद देत नसेल तर बाहेरचेही वाचतील आणि तुम्ही आनंदाने चुकीचा शोध लावाल.

१४. म्हणूनच औषध दिलं तरी रोग परत येतो का? आणि लस असते का?

एक कारण ते. पेशीत लपलेल्याला सगळी औषधं गाठत नाहीत. पण त्याहून साधं कारण असं की औषध खाद्यातून जातं आणि आजारी मासा आधी खाणं सोडतो. धडधाकट मासे औषध खातात, आजारी उपाशी. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यशेतीत बंदच आहेत. दुकानदार बिननावाची पुडी देत असेल तर घेऊ नका.

लशींचं असं. बाहेर राहणाऱ्या व्हिब्रिओंवर मारलेल्या जिवाणूची लस चांगली चालते. आत लपणाऱ्यावर नुसती प्रतिपिंडं पुरत नाहीत, आजारी पेशी ओळखणारी प्रतिकारशक्ती जागी व्हावी लागते. त्यासाठी हत्यारांची जनुकं कापून दुबळा केलेला जिवंत जिवाणू जास्त उपयोगी पडतो. चीनमध्ये टर्बोट माशासाठी एडवर्डसिएलाची अशी लस मंजूर झाली आहे.

१५. असा मासा खाल्ला तर आम्हाला काही होईल का?

नीट शिजवलेला खाल्ला तर हे जिवाणू मरतात. आमटी उकळते, तुकडी तव्यावर तडतडते, तिथे ते टिकत नाहीत. कच्च्याचं वेगळं. २०१५ साली सिंगापूरमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्याने स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिईची मोठी साथ आली होती.

आपल्याकडे धोका ताटापेक्षा विळीवर जास्त. मासे कापणाऱ्या एका मावशींच्या बोटावर गाठ आली होती, काटा लागल्यावर. महिनोन् महिने मलमं झाली, गाठ जाईना. शेवटी तुकडा तपासायला पाठवला तर पहिला अहवाल कोरा. कारण तो ३७ अंशांवर ठेवला होता. मायकोबॅक्टेरियम मरिनमला ३० च्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तर तो बोटांत आणि कोपरावर राहतो, अंगात सहसा खोल जात नाही. पुन्हा ३० अंशांवर लावला तेव्हा उगवला. काटा लागून गाठ राहिली असेल तर डॉक्टरांना "मी मासे कापते" हे आपणहून सांगा.

यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी उघडी जखम घेऊन खाडीच्या पाण्यात उतरू नये. व्हिब्रिओ व्हल्निफिकसची लागण अशांना काही तासांत गंभीर होऊ शकते.

१६. जुन्या अहवालात 'टार्डा', नव्यात 'पिसिसिडा'. दोन रोग झाले का?

नाही, नाव बदललं. माशांत सापडणारे बरेच 'एडवर्डसिएला टार्डा' जनुकांनी वेगळे निघाले, म्हणून २०१२-१३ मध्ये त्यांना पिसिसिडा ही वेगळी जात दिली. जुने लेख वाचताना हे डोक्यात ठेवा.

१७. पीसीआरमध्ये विषाचं जनुक सापडलं, पण मासे मजेत आहेत. चाचणी चुकली का?

चुकलीच असेल असं नाही. पीसीआर जनुक आहे का ते सांगतं, चालू आहे का ते नाही. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पीसीआरला सापडतो. जनुक आहे पण पहारेकरी झोपलाय, हेही शक्य (प्रश्न ८). अशा वेळी पाणी सांभाळा, दाटी कमी करा, पंधरा दिवसांनी परत तपासा.

उलट प्रकारही होतो: सगळे निकाल कोरे आणि मासे मरतायत. तेव्हा विषाणूकडे बघावं लागतं. जिताड्याची लहान पिल्लं गोल गोल फिरून मरत असतील तर नोडाव्हायरसचा संशय घ्या. जिवाणूच्या चाचण्या कितीही केल्यात तरी तो सापडणार नाही.

१८. नमुना कसा आणायचा?

मरायला टेकलेला पण जिवंत मासा, तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. जमलंच नाही तर आत्ताच मेलेला मासा पिशवीत बांधून पिशवीभोवती बर्फ. बर्फाचं पाणी माशाला लागू देऊ नका आणि फ्रीझरमध्ये घालू नका. सोबत एक धडधाकट मासाही हवा. आम्ही टोकाला वेटोळं असलेली तारेची सुई मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात घालून नमुना घेतो, कारण कातडी आणि आतडं यांत नाना जिवाणू असतातच, तिथे काही उगवलं तर त्याला अर्थ नाही. एका चिठ्ठीवर पाण्याचं तापमान, क्षारता, शेवटचं खाद्य कधी दिलं आणि कुठलं औषध टाकलंत ते लिहा. टाकलं असेल तर लपवू नका, मी ओरडत नाही. रात्री मेलेला, सकाळी फुगून वर आलेला मासा आणू नका. त्यात कुजवणारे इतके वाढलेले असतात की ज्याने मारलं तो सापडत नाही. तो बांधापासून लांब, चुना टाकून पुरा.